शहारे सर बँक बदलतात

"मग माझं खातंच बंद करा!"

रत्नपाल शहारे सर हे वाक्य बोलले तेव्हा बँकेत पेन्शनवाल्यांची गर्दी होती. जुलैची पहिली तारीख, दोन हजार नऊ साल. वाक्य इतक्या जोरात आलं की शिक्का मारणारा शिपाई हात वर धरून तसाच थांबला. खुद्द सरही दचकले. घरून निघताना त्यांचा असा काही बेत नव्हता. ते फक्त शेजारच्या सुमित्राबाई गणवीरांना स्कूटरवर बसवून पेन्शनीला घेऊन आले होते.

सुमित्राबाईंचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर बारा वर्षं त्या अंगठा लावून पेन्शन उचलत होत्या. मग सरांनी आपल्या कुडवा वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळचा वर्ग काढला आणि अडुसष्टाव्या वर्षी बाई सही करायला शिकल्या. जानेवारीत बँकेनं अंगठ्याच्या जागी सहीचं कार्डही करून घेतलं. सही म्हणजे नुसतं 'सुमित्रा'. पण 'सु'चा उकार, मग 'मि'ची वेलांटी, मग 'त्रा' असं एकेक करत त्या ती उभी करायच्या आणि त्याला चार मिनिटं लागायची. त्या दिवशी त्या 'मि'पर्यंत पोचल्या होत्या. काउंटरवरच्या नागपुरे बाबूंनी घड्याळ पाहिलं, स्लिप ओढून घेतली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"तुझी सही होईस्तोवर माहा लंच टाइम होईल बाई. लाव अंगठा."

आणि त्यांनी बाईंचा अंगठा स्वतःच धरून दाबला. बाई अंगठ्याकडे पाहत राहिल्या. सरांना ते पाहवलं नाही.

"खातं बंद करा म्हणजे काय," नागपुरे बाबू म्हणाले, "करा न. त्याचं फारम लागते. फारम संपलेत. सोमवारी या."

परत येताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून सुमित्राबाई म्हणाल्या, "तू काऊन भडकला गा मास्तर? अंगठा त माहा होता."

सरांना हा प्रश्न आवडला नाही. तत्त्वासाठी उभं राहणाऱ्या माणसाला असं विचारायचं नसतं. पण रेल्वे फाटक बंद होतं आणि मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, म्हणून उत्तर राहून गेलं.

घरी सरांच्या पत्नी अल्कावहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सर हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक आणि अल्कावहिनी आरोग्य केंद्रात नर्स, त्यामुळे उद्रेक पाहण्याची सवय त्यांना दोन्हीकडून होती.

"बरं केलं बोललात ते," त्या म्हणाल्या. "आता दुसरी बँक कोणती?"

सरांनी याचा विचार केलेला नव्हता. तरी ते म्हणाले, "चांगली. माणसाला माणूस समजणारी."

"तशी कुठं आहे?"

"शोधू."

शोधायचं म्हणजे सरांच्या दृष्टीनं आधी तक्ता हवा. त्यांनी अर्धा ड्रॉइंग पेपर घेतला आणि बोरूनं सुंदर अक्षरात लिहिलं : 'बँक कशी असावी'. खाली मुद्दे. म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची. सहीला वेळ. अरेतुरे नाही. तिसऱ्या मुद्द्यानंतर ते थोडे थांबले. विहाराच्या समितीचे ते सचिव होते आणि दर रविवारी पंचशील तेच म्हणवून घ्यायचे. तेव्हा त्यांनी चौथा मुद्दा लाल शाईत घातला : 'आपला पैसा दारूच्या धंद्याला कर्ज म्हणून जाऊ नये.' याच चौथ्या मुद्द्यानं त्यांचं वाटोळं केलं.

तक्ता वाळत घातला तो ओसरीवर, आणि ओसरीसमोर यादोराव राहायचे. यादोराव रेल्वेतले निवृत्त टी.सी. आयुष्यभर बिनतिकिटाची माणसं पकडल्यामुळं जगात आपल्याला फसवणारा कोणी उरला नाही अशी त्यांची समजूत होती, आणि सल्ला मागायची वाट पाहत बसणाऱ्यांपैकी ते नव्हते.

"शहारे, खुर्ची न वेळ कायले पाहून राहिला तू? एसी पाहा एसी. बाजारात नवीन बँक खुलली, काचेची. माहा जावयाचं खातं आहे तिथं. आत गेलं की पोरगी पाणी देते. ग्लासात!"

"पण त्यांची तत्त्वं काय आहेत?"

"आता एसीत बसून काय तत्त्वं राहतीन? थंडच राहतीन."

शनिवारी अर्धी शाळा करून सर काचेच्या बँकेत गेले. पाणी खरंच ग्लासात आलं. मुलीनं "गुड आफ्टरनून सर" म्हटलं, आणि वर्गातल्या साठ पोरांनी रोज एका सुरात म्हणूनही जे कधी वाटलं नव्हतं ते सरांना वाटलं : आपल्याला कोणीतरी सर म्हणालं. तिनं त्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर रायपूरकडचा, तरुण, टायवाला. त्यानं खुर्ची दिली, सहीबद्दल विचारलं तेव्हा "जितना टाइम लगे उतना लगे" म्हणाला. तीन मुद्दे असे पटापट पास झाले. सरांनी तक्त्याची घडी उलगडली, घसा साफ केला आणि हळू आवाजात चौथा मुद्दा काढला.

"एक नाजूक बात पूछनी थी. दारू के धंदे को... मतलब बियर बार वगैरे को आप लोन देते हो क्या?"

मॅनेजर उठला. त्यानं केबिनचं दार लावलं. परत येऊन खुर्ची पुढं ओढली.

"आप पहले क्यों नहीं बोले सर? बिलकुल देते हैं. चाय लेंगे या ठंडा?"

"यानी देते हो?" सरांचा चेहरा पडला.

"टेन्शन मत लीजिए. लायसन नहीं है तो भी रास्ता निकालेंगे. जगह किधर है?"

"कसली जगह? मी तो कुडवा में रहता हूं..."

"कुडवा! नंबर एक लोकेशन." त्यानं लिहून घेतलं. नाव, पत्ता, फोन. सर म्हणत होते की नाही, नाही, मला पाहिजे म्हणून नाही, मला नको म्हणून विचारतोय. मॅनेजरनं समजूतदारपणे मान हलवली. "समझ गया. टीचर हो, नाम पे नहीं ले सकते. मिसेस के नाम पे कर देंगे."

तक्ता टेबलावरच राहिला, हे सरांना स्कूटर सुरू केल्यावर आठवलं. परत जायची हिंमत झाली नाही.

सोमवारी संध्याकाळी मोटरसायकलवर दोन टायवाले कुडव्यात आले. सर घरी नव्हते. ते जुन्या बँकेत फॉर्म आणायला गेले होते, आणि फॉर्म 'छापायला गेले' असं ऐकून अर्ध्या वाटेवर होते. टायवाल्यांनी समोर बसलेल्या माणसाला विचारलं. समोर यादोराव बसले होते.

"अंकल, शहारे साहब के बियर बार का साइट किधर है?"

सर गल्लीत शिरले तेव्हा त्यांना नेहमीपेक्षा जास्त माणसं बाहेर बसलेली दिसली. सगळे त्यांच्याकडं पाहत होते. किराणावाल्या केवलरामनं मात्र दुकानातून हाक मारली, "सर, सोडा न फुटाने माह्याकडूनच घेजा. घरचा भाव लावतो."

घरात अल्कावहिनी पलंगावर बसल्या होत्या. पुढं एक छापील अर्ज होता. त्यावर अर्जदार म्हणून त्यांचं नाव लिहिलेलं होतं आणि व्यवसायाच्या रकान्यात 'बार अँड रेस्टॉरंट'.

"मी नोकरी सोडायची का राहू द्यायची?" त्यांनी विचारलं. "फक्त तेवढं सांगा."

सरांनी एका दमात सगळं सांगितलं. अल्कावहिनींनी पदर तोंडाला लावला. सरांना वाटलं रडतात. मग लक्षात आलं की हसतात, आणि त्यांना जास्तच लागलं.

आठवडाभर सरांना झोप लागली नाही की जेवण गेलं नाही. वर्गात वस्तुचित्रणासाठी त्यांनी सुरई मांडली तर मागच्या बाकावर खसखस पिकली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि तोंडातलं पान सांभाळत म्हणाले, "तुमचा खाजगी मामला आहे शहारे, मी मधात पडत नाही. फक्त शाळेपासूनचं अंतर मोजून घेजा." व्हरांड्यात पी.टी.चे सर जवळ येऊन कानात म्हणाले, "पार्टनर लागला त सांगजा."

सगळ्यात वाईट गेला तो रविवार. विहारात वंदना झाली, सरांनी पंचशील म्हणवून घेतलं. पाचव्या शीलापाशी, म्हणजे मद्याच्या शीलापाशी, मागच्या रांगेत कोणी तरी खोकलं. वंदना संपल्यावर समितीचे अध्यक्ष बिसराम बोरकर उठले. बिसरामजी सरांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, साधे शेतकरी.

"सर, जय भीम. आमी आयकलं ते खरं हाय का?"

"साफ खोटं आहे! मी बँकेला विचारलं की तुम्ही दारूला कर्ज देता का. मला नको होतं म्हणूनच विचारलं."

बिसरामजींनी बराच विचार केला. "नोको होतं, त विचारलं कायले?"

याला सरांकडं उत्तर होतं. ते त्यांनी पंचवीस मिनिटं दिलं. ठेवीदाराची जबाबदारी, पैशाचा प्रवास, आपण टाकलेला रुपया कोणत्या दारातून बाहेर पडतो. शेवटी सुमित्राबाईच बायकांच्या रांगेतून म्हणाल्या, "बसा गा आता सप्पाजन. मास्तरनं माह्या अंगठ्यासाठी भांडन केलं, त्याचंच हे लफडं होय. चाय पाजा त्याले." चहा आला. सर सचिव राहिले. पण त्या दिवसापासून बँक बदलणं हा त्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. आता जुन्या बँकेत राहिले असते तर बार काढल्यापेक्षाही जास्त बेअब्रू झाली असती.

सप्टेंबरात चित्रकलेच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांची दवनीवाड्याला ड्यूटी लागली. दुपारी मधल्या वेळात ते समोरच्या छोट्या बँकेच्या शाखेत शिरले, तेही पंखा पाहून. शाखा म्हणजे दोन खोल्या. बाहेर पोत्यावर म्हातारा बसलेला, आत एकटी बाई काम करत होती. टेबलावर पाटी : नीला रहांगडाले, शाखाधिकारी. सरांच्या डोळ्यांदेखत त्या उठल्या, बाहेर आल्या आणि म्हाताऱ्याजवळ खाली बसून त्याला त्याच्या पासबुकात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा म्हातारा म्हणाला, "पयल्यांदाच समजलं होतं, पोरी. तू वाचतं चांगलं, म्हनून."

सर दारातच उभे राहिले. मग त्यांनी आत जाऊन तोंडीच मुद्दे विचारले. तीन पास. चौथा मुद्दा राहिला. त्यांनी आधी बजावलं, "मला बार काढायचा नाही."

"बरं," नीला मॅडम म्हणाल्या.

"मी शिक्षक आहे."

"बरं."

"तुम्ही दारूच्या धंद्याला कर्ज देता का?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. "सर, इथं धान न म्हशी सोडून कोणी काही मागतच नाही. कोणी मागितलंच, त मला वर विचारावं लागल. वरचे काय म्हणतीन ते मी कशी सांगू? खोटं सांगून तुमचं खातं नाही घेणार मी."

या एका वाक्यासाठी सरांनी दवनीवाड्याला खातं उघडलं. कुडव्याहून स्कूटरनं पाऊण तास, वाटेत दोन ठिकाणी रस्ता नव्हताच. शाळेतले हेडक्लार्क भोजराज कटरे यांनी डोक्याला हात लावला.

"सगळ्यांचा पगार एक तारखेले. तुमचा चेक मी दवनीवाड्याले पाठवीन, तो बारा तारखेले पोचल. चालते?"

"चालते," सर म्हणाले. अल्कावहिनींना हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

आता फक्त जुनं खातं बंद करायचं होतं. ऑक्टोबरात फॉर्म छापून आले. सरांनी तो भरला, छाती पुढं काढून सही केली आणि नागपुरे बाबूंच्या खिडकीतून आत सरकवला. बाबूंनी जुनं कार्ड काढलं. फॉर्म पाहिला. कार्ड पाहिलं. पुन्हा फॉर्म पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश आनंद पसरत गेला.

"सही जुळत नाही सर."

कार्डावरची सही अठरा वर्षांपूर्वीची होती. सर तेव्हा नुकतेच कलाशिक्षकाचा कोर्स करून आले होते आणि सहीत 'र'ला त्यांनी मोराची मान काढली होती. खाली पिसारा होता. अठरा वर्षांत, पेपर तपासता तपासता, तो मोर हळूहळू गळून गेला होता आणि राहिली होती एक तिरकी रेघ.

"मी समोर उभा आहे न! तुम्ही मला ओळखत नाही का?"

"मी ओळखतो. कार्ड नाही ओळखत."

सरांनी कागद मागितला. त्यांनी मोर काढला. दुसरा काढला. चित्रकलेच्या शिक्षकाला स्वतःचीच सही काढता येईना. एकाची मान जाड झाली, एकाला पाय आले. मागची रांग वाढली. कोणी तरी म्हणालं, "वा, बदक मस्त हाय." अकराव्या मोरानंतर नागपुरे बाबूंनी शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"एवढं कायले करता सर? अंगठा लावा न."

आपण त्या दिवशी का ओरडलो हे सांगायला आज पंचवीस मिनिटंही पुरली नसती. ते मॅनेजरच्या दारात गेले. मॅनेजर निवृत्तीला आलेले, नियमाचे पक्के. म्हणाले, "याला मार्ग आहे. या शाखेचा कोणी खातेदार ओळख द्यायला आणा. फॉर्मवर सही पाहिजे. ओळख देणाऱ्याचा अंगठा चालत नाही."

सरांना शाळेतले चौदा सहकारी आठवले. त्यातला प्रत्येक जण 'बारचं उद्घाटन कधी?' विचारल्याशिवाय सही करणार नव्हता. ते स्कूटर घेऊन कुडव्याला गेले. सुमित्राबाई अंगणात भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतले, लुगडं बदललं.

"मी कोन हाय असं विचारतीन?"

"नाही मावशी. मी कोण आहे ते तुम्ही सांगायचं."

"मंग चाल."

मॅनेजरच्या टेबलावर फॉर्म ठेवला होता. नागपुरे बाबू कार्ड घेऊन बाजूला उभे. बाईंनी पेन घेतला. 'सु' झाला. खोलीत पंखा फिरत होता. 'मि'ची वेलांटी निघाली. नागपुरे बाबूंनी घड्याळाकडं पाहिलं, मग मॅनेजर त्यांच्याकडं पाहत आहेत हे पाहिलं, आणि हात पाठीमागं घेतला. 'त'ला आडवी रेघ लागली. काना ओढला. बाईंनी वरची रेघ डावीकडून उजवीकडं नीट टेकवली आणि पेनाचं टोपण लावलं.

मॅनेजरनी कार्ड आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. चष्मा काढून पाहिलं. सु, मि, त्रा. तोच उकार, तीच वेलांटी, रेघेचा शेवटही तितकाच बाहेर.

"पंचवीस वर्षांत इतकी जुळणारी सही पाहिली नाही मी," ते म्हणाले. "नागपुरे, बघून घ्या."

नागपुरे बाबूंनी बघितलं.

"हा रत्नपाल शहारे होय," सुमित्राबाईंनी त्यांना सांगितलं. "मी वळखतो याले. चांगला मानूस हाय. भडकते थोडा."

खातं बंद झालं. सर हलके झाले. बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, आता तुमचंही खातं काढू. दवनीवाड्याला. तिथल्या मॅडम स्वतः बाहेर येतात, खुर्ची देतात..."

"मी नाई येत बापा."

"का?"

"कायले येऊ? माही सही या बँकेत हाय. मी इथंच करीन. थांबन तो बाबू."

सरांच्या चार महिन्यांच्या मेहनतीला हे असं उत्तर मिळालं. त्या रात्री त्यांनी अल्कावहिनींना पगाराच्या बारा तारखेबद्दल सांगितलं. त्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या तारखेला रविवार आला म्हणून दोन तारखेला सर सुमित्राबाईंना घेऊन बँकेत गेले. आज दोन सह्या होत्या, पेन्शनीची एक आणि जिवंत असल्याची एक. सर बाईंच्या मागं सावध उभे राहिले. नागपुरे बाबूंचा हात जरा जरी पॅडकडं गेला असता तर काय बोलायचं ते त्यांनी घरूनच पाठ करून आणलं होतं.

खांद्यावर कोणी तरी बोट वाजवलं. बंदूकवाला चौकीदार होता.

"सर, तुमचं काम काय?"

"यांच्यासोबत आहे."

"खातं हाय का इथं?"

सरांचा हात खिशातल्या पासबुकाकडं गेला. ते दवनीवाड्याचं होतं.

"गर्दी लय हाय आज. ज्याचं खातं नाई त्यानं बाहेर थांबाचं, असं साहेबानं सांगून ठेवलं."

शहारे सर बाहेर गेले. उन्हात, सायकलींच्या रांगेपाशी, ते काचेला नाक लावून उभे राहिले. आत काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं. बाईंची पाठ दिसत होती आणि बाईंच्या खांद्यावरून नागपुरे बाबूंचं अर्धं तोंड. ते तोंड एकदा घड्याळाकडं वळलं. परत आलं. काही वेळानं बाबू उठले. सरांनी काचेवर हात आपटायला उचलला. बाबू काउंटरच्या बाजूनं बाहेर आले, पेन्शनवाल्यांच्या बाकाजवळचं प्लास्टिकचं स्टूल पायानं ढकलत आणून बाईंच्या मागं लावलं आणि परत जागेवर जाऊन बसले. बाईंनी वर पाहिलंही नाही. त्या फक्त बसल्या आणि पुढं लिहू लागल्या.

सर वर धरलेला हात घेऊन तसेच उभे होते. मग त्यांनी त्याच हातानं काच पुसल्यासारखं केलं.

सुमित्राबाई बाहेर आल्या तेव्हा दोन्ही कागदांचं काम झालं होतं.

"किती टाइम लागला गा?"

"नऊ मिनिटं. दोन्ही मिळून."

"मंग तितक्यात 'गणवीर' बी बसते." त्यांनी पदरानं घाम पुसला आणि स्कूटरकडं चालायला लागल्या. "या हिवाळ्यात आडनाव शिकव मले."

सहीत आडनाव घालायचं म्हणजे नवं कार्ड, त्याचा अर्ज, दोन फोटो, मॅनेजरची मंजुरी, आणि हे सगळं नागपुरे बाबूंच्या खिडकीतून. त्यांनी स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

"'ण' जरा कठीण आहे मावशी," ते म्हणाले. "आज संध्याकाळपासूनच बसू."